समुद्रात टाकलेले लोखंड

कारखाने, मोटारी, वीजकेंद्रे आणि तोडलेली अरण्ये यांच्यामुळे हवेत कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, साठत चालला आहे, ही गोष्ट आता शाळेतील मुलालाही ठाऊक असते. हा वायू शेवटी जातो कोठे, हा प्रश्न मात्र त्या मानाने कमी विचारला जातो. हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वताच्या उतारावर चार्ल्स कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५८ साली मोजमापास आरंभ केला, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली हा आकडा वार्षिक सरासरीने ४२० च्या पुढे गेला. ही वाढ भयावह आहे खरी. परंतु जमाखर्च मांडणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट तत्काळ येते. माणसाने हवेत जेवढा कर्ब सोडला त्याच्या निम्म्याच्या आसपासच हवेत सापडतो. उरलेल्यापैकी काही भाग झाडे व माती घेतात आणि एकूण उत्सर्जनाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र आपल्या पोटात घालतो. या हिशेबात समुद्र नसता, तर जगाचे हवामान आजच्यापेक्षा कितीतरी अधिक बिघडलेले असते.

समुद्राची ही कोठी केवढी मोठी आहे, हे आकड्यांवाचून कळावयाचे नाही. हवेत आजमितीस साडेआठशे अब्ज टनांहून अधिक कर्ब आहे. समुद्रात विरघळलेल्या स्वरूपात तो सुमारे अडतीस हजार अब्ज टन आहे. यात सजीवांच्या देहांत असलेला कर्ब किती म्हणाल, तर काही थोडे अब्ज टन. म्हणजे कोठीच्या मानाने जीवसृष्टी ही मूठभर धान्याएवढीही नाही. असे असता समुद्रातील कर्बाच्या व्यवहाराचा विचार करताना जीवसृष्टीचे नाव प्रथम का घ्यावे? याचे कारण, त्या कोठीची किल्ली पुष्कळ अंशी या मूठभरांच्या हाती आहे.

वायू पाण्यात विरघळतो आणि पाणी जितके थंड तितका अधिक विरघळतो, हे सोडावॉटरची बाटली उन्हात ठेवून पाहणाऱ्या कोणालाही माहीत असते. ध्रुवांकडील थंड पाणी वायू घेऊन जड होते व तळाकडे उतरते. ते पुन्हा वर यावयास शेकडो वर्षे, उत्तर पॅसिफिकच्या बाबतीत तर हजार वर्षांच्या आसपास लागतात. हा व्यवहार केवळ पदार्थविज्ञानाचा होय. परंतु समुद्रात जीव नसते आणि एवढा एकच व्यवहार चालला असता, तर हवेतील कर्बवायू दर दहा लक्ष भागांत आणखी दीडदोनशे भागांनी अधिक राहिला असता, असे गणित सांगते. हा फरक घडवून आणणाऱ्या क्रियेला शास्त्रज्ञ 'जैविक पंप' म्हणतात. पंप या शब्दाने लोखंडी दांडा व नळ डोळ्यांसमोर येतो. येथे ते काम करणारे जीव नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

समुद्राच्या वरच्या शंभरएक मीटरांत, जेथवर सूर्यप्रकाश पोचतो तेथवर, सूक्ष्म तरंगत्या वनस्पती असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. जमिनीवरील सारी अरण्ये, गवताळ राने आणि शेते मिळून वर्षाकाठी जेवढा कर्ब आपल्या अंगी लावतात, जवळजवळ तेवढाच, म्हणजे सुमारे पन्नास अब्ज टन, हे प्लवक एकटे लावतात. वृक्ष आपला कर्ब खोडात शंभर वर्षे सांभाळतो. प्लवकाचे आयुष्य चारसहा दिवसांचे. त्याला कोणीतरी खाते किंवा ते कुजते आणि बहुतेक कर्ब वरच्यावरच पुन्हा वायू होऊन पाण्यात मिसळतो. शंभरातील दहावीस भागच प्रकाशाच्या थराखाली उतरतात. हजार मीटरांच्या खाली त्यांतील थोडेच पोचतात आणि तळाच्या चिखलात कायमचा पुरला जाणारा कर्ब शंभरात एक भागही भरत नाही. परंतु ही गळती वर्षानुवर्षे अखंड चालू आहे. हजार मीटरांखाली उतरलेला कर्ब काही शतके तरी हवेत परतत नाही आणि माणसाच्या दृष्टीने काही शतके ही थोडी मुदत नव्हे.

हा कर्ब खाली कसा उतरतो, हे मोठे कौतुकाचे प्रकरण आहे. एकटे प्लवक इतके हलके, की ते दिवसाकाठी मीटरभर उतरले तरी पुष्कळ झाले. या वेगाने तळ गाठायच्या आधीच ते नाहीसे व्हायचे. परंतु मेलेले प्लवक, त्यांतून पाझरलेला चिकट रस, प्राण्यांची विष्ठा व टाकलेली कवचे यांचे पुंजके बनतात आणि ते दिवसाला शंभर मीटरपर्यंत खाली येतात. खोल पाण्यात दिव्याच्या उजेडात हे पुंजके पांढरे भुरभुरताना दिसतात, म्हणून त्यांना 'समुद्रातील हिम' असे नाव पडले. कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीएवढे प्राणी प्लवक खातात आणि त्यांच्या लेंड्या, बांधीव असल्यामुळे, झपाट्याने बुडतात. दुसरीही एक वाट आहे. असंख्य लहान प्राणी व मासे रात्री खाण्यासाठी वर येतात आणि उजाडण्यापूर्वी काळोखात परततात; वर खाल्लेले खाली श्वासातून व विष्ठेतून टाकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्रांना समुद्रात मध्येच एक खोटा तळ आढळू लागला व तो रात्री वर सरकू लागला. नौदलाला बुचकळ्यात टाकणारा तो तळ या प्राण्यांच्या थव्यांचा होता.

सर्वच जीव कर्ब खाली नेतात असेही नाही. काही प्लवक चुन्याची नाजूक चकत्यांसारखी कवचे करतात. चुना बनताना कर्बवायू सुटतो, मात्र हीच जड कवचे पुंजक्यांना ओढून खालीही नेतात. समुद्राच्या वहीत अशा दुहेरी नोंदी पुष्कळ आहेत.

आता लोखंडाकडे वळावयास हरकत नाही. दक्षिण महासागर, विषुववृत्तालगतचा पॅसिफिक आणि उत्तर पॅसिफिकचा एक भाग येथील पाण्यात नत्र व स्फुरद ही खते भरपूर असूनही प्लवकांचे पीक तुटपुंजे येते. खत आहे, पाणी तर आहेच, उन्हाळ्यात ऊनही आहे. मग शेत ओसाड का? लोखंडाच्या उणिवेचा संशय जुना होता, पण तो सिद्ध होईना. समुद्राच्या पाण्यात लोह इतके अल्प, अब्जांश भागाहूनही कमी, की पाणी काढणाऱ्या जहाजाचा गंज, तारेचा दोर, बाटली यांतूनच त्याहून अधिक लोह नमुन्यात मिसळत असे. अनेक वर्षांची मोजमापे या एका कारणाने निकामी ठरली. कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथील प्रयोगशाळेचे जॉन मार्टिन यांनी पाण्याला धातूचा स्पर्शही होऊ न देता नमुने घेण्याची पद्धत अंगीकारली आणि दक्षिण महासागरात लोह जवळजवळ नाहीच, हे दाखवून दिले. अर्धे जहाज लोखंड द्या, मी हिमयुग आणून दाखवतो, या अर्थाचे त्यांचे १९८८ सालचे उद्गार पुढे फार गाजले. बोलणे थट्टेचे होते, पण त्यामागे पुरावा होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात हिमयुगाच्या थरांत धूळ अधिक सापडते आणि त्याच थरांतील हवेच्या बुडबुड्यांत कर्बवायू कमी, दहा लक्षांत १८० च्या आसपास. उबदार काळात तो २८० च्या घरात. वाऱ्याने उडवलेली लोहयुक्त धूळ समुद्रावर पडली, प्लवक फोफावले आणि त्यांनी हवेतील कर्ब तळाशी नेला, अशी ही उपपत्ती होती. सारा फरक धुळीने पडला असे आता कोणी मानत नाही. परंतु त्यात तिचा वाटा आहे, हे बहुतेकांना मान्य आहे.

मार्टिन जून १९९३ मध्ये वारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्या सहकाऱ्यांनी गालापागोस बेटांजवळ खुल्या समुद्रात लोह टाकले आणि प्लवक वाढले. पुढे असे दहाबारा प्रयोग झाले. पाणी हिरवे होते, याविषयी शंका उरली नाही. हिरवेपणा हा मुद्दाच नव्हता. तो कर्ब खाली उतरतो की तेथेच खाल्ला जाऊन हवेत परततो, हा खरा प्रश्न होता. २००४ साली 'पोलरस्टर्न', म्हणजे ध्रुवतारा, या जर्मन संशोधन-जहाजावरून दक्षिण महासागरातील एका भोवऱ्यात केलेल्या प्रयोगाने याचे आशादायक उत्तर दिले. तेथे करंडक जातीचे प्लवक, म्हणजे डायाटम, मातले. सिलिकेच्या, जणू काचेच्या, डबीत राहणारे हे जीव एकमेकांना चिकटून साखळ्या करतात. बहर संपताच ते एकगठ्ठा मेले आणि त्यांच्या एकंदर वस्तुमानाचा निम्म्याहून अधिक भाग हजार मीटरांखाली गेला. २०१२ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

मधल्या काळात भारताने या कामात हात घातला होता. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी, स्थापन झालेली. तिने जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर एक मोहीम आखली. नाव ठेवले 'लोहाफेक्स'. त्यातील पहिला शब्द आपला 'लोहा' आणि पुढील अक्षरे खत घालण्याच्या प्रयोगाच्या इंग्रजी नावाची. गोव्याचे वजीह नक्वी आणि कुमाऊंच्या डोंगरांत बालपण गेलेले व्हिक्टर स्मेटासेक हे तिचे दोन प्रमुख. ७ जानेवारी २००९ रोजी पोलरस्टर्नने केपटाऊन बंदर सोडले.

जहाज निघाले आणि कागद जागे झाले. २००८ च्या मे महिन्यात बॉन येथे जैवविविधतेच्या करारातील राष्ट्रांनी असा ठराव केला होता, की समुद्राला खत घालण्याचे प्रयोग तूर्त होऊ नयेत. किनाऱ्यालगतच्या पाण्यातील लहान शास्त्रीय प्रयोगांना तेवढी सूट. त्याच ऑक्टोबरात लंडन करारातील राष्ट्रांनी शास्त्रीय संशोधनाला मोकळीक ठेवली होती. आता खोल समुद्र म्हणजे किनाऱ्यालगतचे पाणी नव्हे, हे शाळकरी मुलगाही सांगेल; आणि जेथे प्रयोग करावयाचा ते पाणी किनाऱ्याजवळ असून चालणारही नव्हते. पर्यावरणवादी संघटनांनी हरकत घेतली, जर्मन सरकारच्या पर्यावरण खात्याने संशोधन खात्याला पत्र धाडले आणि संशोधन खात्याने, स्वतंत्र तज्ज्ञांचा अभिप्राय येईपर्यंत लोह टाकू नये, असे जहाजाला कळवले. वादळी समुद्रात जहाज योग्य भोवरा शोधीत होते, बर्लिनमध्ये अभिप्राय मागवले जात होते. २६ जानेवारीस अनुमती मिळाली. संघटनांची हरकत वृथा होती असे म्हणता येत नाही. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नाही आणि त्यात काय टाकावे हे विचारणारे कोणीतरी असलेच पाहिजे. फक्त तो प्रश्न जहाज धक्क्याला असताना विचारला गेला असता, तर अधिक बरे झाले असते.

अटलांटिकच्या दक्षिण भागात, ४८ अक्षांशाच्या आसपास, सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात हिराकशीचे द्रावण सोडण्यात आले. बृहन्मुंबईच्या भूमीच्या निम्मा म्हणावा एवढा हा तुकडा. हिराकस म्हणजे लोहाचा गंधकाम्लयुक्त क्षार. पूर्वी शाई करण्यास घरोघर वापरीत तोच. मोकळ्या समुद्रात एवढा तुकडा पांगून जाऊ नये म्हणून भोवऱ्याचे मध्य निवडले होते, कारण तेथील पाणी आपल्याभोवती फिरत राहते. पुढे सुमारे पाच आठवडे जहाजाने तो तुकडा सोडला नाही. पाण्याच्या प्रवाहाबरोबर तरंगत, ठरावीक खोलीवर राहून, वरून पडणारे कण झेलणारी यंत्रे सोडली होती.

पहिल्या पंधरवड्यात प्लवक दुपटीच्या घरात गेले. नंतर वाढ थांबली. दुसऱ्यांदा लोह घातले, तरी पीक वाढले नाही. खालच्या यंत्रांत लक्षणीय असे काही पडले नाही.

असे का झाले, याचा उलगडा जहाजावरच होऊ लागला होता. त्या पाण्यात लोहाप्रमाणेच सिलिकाही संपलेली होती. पूर्वीच्या नैसर्गिक बहरांनी ती खाऊन टाकली होती. डबी बांधण्यास माल नाही, तेव्हा करंडक वाढले नाहीत. वाढले ते लहान, बिनकवचाचे प्लवक. अशा मऊ घासावर कोपेपॉड तुटून पडले. पेरणी होत होती आणि मागोमाग कापणीही. कोपेपॉडांना थेमिस्टो नावाचे कोळंबीसारखे प्राणी खाऊ लागले आणि थेमिस्टोंवर माखले व देवमासे जगतात. म्हणजे लोह वाया गेले नाही, ते अन्नसाखळीत शिरले. कर्ब मात्र वरच राहिला. दक्षिण महासागराच्या उत्तरेकडील अर्ध्या भागात सिलिका अशीच तुटपुंजी आहे. तेव्हा तेवढ्या विस्तीर्ण प्रदेशात लोह टाकून हवेतील कर्ब फारसा काढता यावयाचा नाही, हे या एका प्रवासाने समजले. १७ मार्च रोजी जहाज चिलीतील पुंता आरेनास बंदराला लागले.

काही वृत्तपत्रांनी हा प्रयोग फसला असे छापले. खत विकणाऱ्याच्या दृष्टीने तो फसलाच. त्या सुमारास लोह टाकून कर्बाची श्रेयपत्रे विकण्याचा धंदा उभारू पाहणाऱ्या मंडळ्या होत्या. २०१२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे साल्मन मासे वाढावेत व श्रेयपत्रेही विकता यावीत, या हेतूने सुमारे शंभर टन लोहक्षार समुद्रात ओतला गेला. अशा व्यवहारात हिरवे झालेले पाणी दाखवून बुडालेल्या कर्बाचे पैसे मागितले जातात. लोहाफेक्सने या दोहोंतील अंतर मोजून दाखवले. शास्त्रात असे प्रयोग फसत नसतात. समुद्रात कोण कोणाला खातो यावर कर्बाचे भवितव्य ठरते, हे मोजमापासह दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत आणि त्यांत या प्रयोगाचे स्थान वरचे आहे.

स्मेटासेक यांनी पुढे याच धाग्याने आणखी एक विचार मांडला. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे वीस लक्ष देवमासे मारले गेले. देवमासे गेले, तेव्हा त्यांचे खाद्य असलेली क्रिल ही कोळंबी वाढावयास हवी होती. काही ठिकाणी ती घटली. क्रिलच्या देहात लोह असते, देवमासा ते खाऊन विष्ठेवाटे पृष्ठभागावर परत सोडतो व त्यावर पुन्हा प्लवक वाढतात. शेतकऱ्याची गुरे विकली गेली की शेणखतही जाते, त्यातलाच हा प्रकार. तो किती प्रमाणात खरा, यावर अजून वाद आहे.

या सर्व प्रकरणाचा एक भाग आपल्या पश्चिम किनाऱ्याशी निगडित आहे. नैऋत्य मोसमी वारा अरबस्तान व सोमालियाच्या किनाऱ्यांवरून वाहू लागला की खालचे थंड, खतयुक्त पाणी वर येते आणि प्लवकांना बहर येतो. गोव्याच्या संस्थेने हांबुर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने १९८६ सालापासून अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य व पूर्व भागांत खोल पाण्यात कण झेलणारी यंत्रे नांगरून ठेवली. त्यांनी दाखवले, की तळाकडे पडणारा पाऊस वरच्या मोसमाबरोबर वाढतो व ओसरतो. आकाशातील पावसाळ्याचा हिशेब समुद्राच्या तळाशीही लिहिला जातो. परंतु वर आलेले पाणी स्वतःबरोबर खोलवर साठलेला कर्बवायूही आणते. त्यामुळे एवढे पीक येऊनही अरबी समुद्र वर्षभराच्या बेरजेत हवेला कर्बवायू देणाराच ठरतो, हे नव्वदीच्या दशकात 'सागरकन्या' या जहाजावरील मोजमापांतून दिसून आले. ज्याला समुद्राचे औदार्य गृहीत धरावयाचे असेल, त्याने हा आकडा जवळ बाळगावा.

याच समुद्रात सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत प्राणवायू अत्यंत कमी असलेला जाड थर आहे. वरून पडणारा कर्ब कुजताना प्राणवायू खातो, म्हणून कर्ब खाली पाठवण्याची किंमत तेथे कोणाला तरी द्यावी लागते. प्राणवायू सरला की नत्रावर जगणारे जंतू कामाला लागतात आणि त्यांच्या व्यवहारात नायट्रस ऑक्साइड सुटतो. तोही उष्णता कोंडणाराच, आणि वजनाला वजन धरले तर कर्बवायूपेक्षा शेकडो पट प्रखर. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस हे कसे घडते, ते नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले होते.

या शतकाच्या आरंभापासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात करंडकांच्या जागी नॉक्टिलूका नावाचा जीव माजू लागला आहे. दिवसा त्याने पाणी हिरवे दिसते. कोकणच्या पुळणीवर रात्री निळ्या लाटा चमकताना पाहिल्याचे सांगतात, त्यांतील पुष्कळ प्रकाश याच कुळातला. हा जीव आपल्या पोटात हिरव्या वनस्पती बाळगतो आणि वर करंडकही खातो. तो आकाराने एवढा मोठा, की कोपेपॉडांना तो गिळता येत नाही. त्याला खातात ते साल्प नावाचे पारदर्शक, नळीसारखे प्राणी. तो कमी प्राणवायूमुळे माजला की वाऱ्याच्या व पाण्याच्या बदलत्या स्थितीमुळे, यावर भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. करंडकांवर वाढलेली तारली व बांगड्यासारखी मासळी अशा पाण्यात काय खाईल, हा मच्छीमारांचा प्रश्न आहे. साल्पांच्या जड लेंड्यांबरोबर कर्ब अधिक वेगाने तळाला जाईल की प्राणवायूचा थर आणखी जाड होईल, हा समुद्रविज्ञानाचा.